दोन पोटांची होडी

माझ्या लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी विचारलं होतं, "पोरगा काय करतो?" वडील म्हणाले, "फायबरचं काम." सासरे म्हणाले, "म्हंजी नेमकं काय करतो?" आमचं घर भोकरकडचं, शेतीवालं. नेमकं काय ते वडिलांनाही ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "कापडाचा पत्रा करतो." पुढं आयुष्यभर शिकल्यासवरल्या गिऱ्हाइकांना मी माझा धंदा समजावून सांगितला, पण वडिलांइतकं थोडक्यात मला कधी जमलं नाही.

काचेच्या धाग्यांचं पांढरं मॅट मिळतं. ते साच्यावर अंथरायचं आणि वरून रेझिन ब्रशनं जिरवायचं. रेझिन म्हणजे काकवीसारखा चिकट पदार्थ. त्यात थोडा हार्डनर टाकला की ते आतून तापतं आणि दगडासारखं बसतं. थरावर थर द्यायचे, झालं फायबर. नांदेडात मी त्याच्या पाण्याच्या टाक्या केल्या, कूलरचे टप केले, ट्रॅव्हल्सच्या गाड्यांचे बंपर केले, बागेतल्या घसरगुंड्या केल्या. पुढं मशीनवर ओतलेल्या प्लास्टिकच्या टाक्या आल्या आणि आमच्या टाकीला कुणी विचारेना. आता वर्कशॉप पुतण्या बघतो. मी सकाळी जातो, खुर्चीत बसतो आणि त्याच्या कामातल्या चुका काढतो. पोरगं बिचारं सहन करून राहिलंय.

गिऱ्हाईक मात्र एकेक नमुना भेटलं. देवणीकडच्या एका शेतकऱ्याला मळ्याच्या फाटकावर बसवायला देवणी वळू पाहिजे होता, फायबरचा. मी फोटो बघून केला. तो आला, सगळ्या बाजूंनी फिरला आणि म्हणाला, "मिस्त्री, ह्यो आमचा न्हाई. गळ्याखालची लोंबती पोळी बगा, वीतभर बी न्हाई!" मी म्हणालो, एवढंतेवढं चालतं. पुढच्या वेळी तो गडी खराखुरा वळूच टेम्पोत घालून घेऊन आला आणि दोघांना शेजारी शेजारी उभं केलं. खऱ्यानं खोट्याकडं बघितलं, एक फुत्कार सोडला आणि शिंगानं माझ्या कूलरच्या टपाचा साचा फोडला. मी मुकाट्यानं पोळी लांबवून दिली.

तो वळू बघून त्याच गावचा एक माणूस माझा पत्ता काढत आला. व्यंकटराव त्याचं नाव, पण सगळे फौजीच म्हणायचे. "फौज न्हाई हो, नेव्ही," असं तो दर वेळी सांगायचा आणि लोक दर वेळी हाव म्हणून मान डोलवायचे आणि पुन्हा फौजीच म्हणायचे. सारी नोकरी त्यानं दर्यावर काढली. बायको, शकुंतलावैनी, तेवढी सगळी वर्षं देवणीत राहिली. सासू-सासरे, लेकरं, जनावरं, शेत, सगळं तिनं ओढलं. रिटायर झाल्यावर दोघं नांदेडच्या सिडकोत राहायला आली. माणूस बंदर सोडून घरी आला म्हणून वैनीला हायसं वाटलं असणार. तर ह्या पठ्ठ्यानं विष्णुपुरीच्या धरणात चालवायला शिडाची एक जुनी छोटी होडी आणली!

ती एका पोटाची होती. होडीचा पाण्यात बसणारा भाग असतो त्याला आम्ही पोट म्हणायचो. शिडात वारा भरला की अशी होडी एका अंगाला कलते, आणि तिला सरळ ठेवायला आतल्या माणसानं झटकन दुसऱ्या अंगाला स्वतःला झोकून द्यायचं असतं. फौजीला ते येत होतं. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि झटकन हा शब्दच त्याच्या अंगातून गेला. गेल्या हिवाळ्यात होडी उलटली. अंगात जॅकेट होतं म्हणून तो तरंगला, होडीही कशीबशी सरळ केली, पण पाय उचलून वर चढता येईना. तसाच कडेला लोंबकळत राहिला. गंगाराम भोई मासे धरायला आला होता. त्यानं आपल्या थर्माकोलच्या तराफ्यावर त्याला कॉलरला धरून ओढून घेतलं. फौजी घरी काही बोललाच नाही. पण एके दिवशी गंगाराम मासे द्यायला गेला, वैनीनं चहा केला, आणि चहा पितापिता त्यानं सगळं सांगून टाकलं.

झालं! वैनी म्हणाली, होडी इका.

यावर फौजीनं काढलेला तोडगा म्हणजे दोन पोटांची होडी. तिला कॅटामरान म्हणतात. दोन लांब काकड्या शेजारी शेजारी ठेवा, मधे दोन आडव्या दांड्या टाका, त्यांच्यामध्ये बाजेसारखं जाळीचं कापड ताणा आणि समोरच्या दांडीवर शिडाचा खांब उभा करा. ही पोटं बंद असतात, नुसती हवा भरलेली. माणूस बसतो वर, जाळीवर. पाय फाकून उभी असल्यामुळं ती सहजासहजी कलत नाही. हैदराबादला एकाची जुनी विकायला निघाली होती. डागडुजीला कोण, तर मी. नवरा-बायको दोघं वर्कशॉपात आली.

वैनी सरळ माझ्याकडंच वळली. "मिस्त्री, तुम्ही ह्यांचे दोस्त, पण खरं सांगा. ही बुडंल का न्हाई?"

"वैनी, टाकी असती तर मी लिहून दिलं असतं. होडीचं पाण्यात घातल्याबिगर कसं सांगू?"

"मग माझं ऐका. दुरुस्त झाली की आधी मी बसणार ह्यांच्या संगं. मला जरा बी भ्या वाटलं, तर त्याच दिवशी इकायची. पुन्हा ह्या घरात पाण्याचं नाव काढायचं न्हाई."

फौजी म्हणाला, "हाव." माणूस शब्दाचा पक्का. वैनी रिक्षात जाऊन बसल्यावर तो मागं रेंगाळला. "मिस्त्री, पोरं पुण्याला. शेत बटईनं दुसऱ्याला दिलेलं. ही होडी बी गेली तर सकाळी उठून मी जाऊ कुठं, सांगा. टीव्हीसमोर बसून मरू का?"

मी म्हणालो, बघू.

होडी हैदराबादहून बिलोलीच्या रस्त्यानं टेम्पोत आली. उतरवली तेव्हा दोन्ही पोटांचे तळ सिमेंटच्या उतारावरून ओढून ओढून कापडापर्यंत झिजलेले होते. वरच्या बाजूला मी नाण्यानं टकटक करत गेलो. फायबर चांगलं असलं की आवाज खणखणीत येतो. थर सुटलेले असले की मेल्यासारखा, बद्द. डाव्या पोटावर दोन जागा बद्द बोलल्या. शिवाय डावं पोट उचलायला जड लागत होतं. आत पाणी होतं. बूच काढलं तर हैदराबादचं किती दिवसांचं पाणी, भकाभका निघालं. वास असा की पुतण्या नाकाला रुमाल लावून पळाला.

वैशाखात फायबरचं काम म्हणजे शिक्षा आहे. दुपारी रेझिन कालवलं तर ब्रश बुडवेपर्यंत डब्यातून धूर निघतो आणि सगळा माल जागीच दगड. म्हणून आम्ही उजाडायच्या आत कामाला लागायचो. फौजी रोज हजर. जुने थर खरवडायचा, घासायचा, काचेची कूस अंगात शिरून कराकरा खाजवायचा, पण तक्रार नाही. मी पावडर चोळा म्हणालो तर म्हणे, जहाजावर ह्याच्याहून बेक्कार कामं केली. तळाला तीन थर दिले, बद्द जागा कापून नव्यानं भरल्या. मग गळती तपासायची. आमच्या गल्लीतला पंक्चरवाला ट्यूबला साबणाचं पाणी लावतो तसंच केलं. बुचाच्या जागेतून हलकीशी हवा सोडायची, वरून साबणाचा फेस, आणि जिथं बुडबुडा येईल तिथं खडूची खूण. सांध्यावर चार-दोन निघाले, ते बुजवले. शेवटी दोन्ही पोटांना पुढच्या दांडीखाली एकेक बारीक भोक सापडलं, मोहरी जाईल न जाईल एवढं. तिथून बुडबुडे सारखे येत होते.

"हे बघा तुमचं पाणी शिरायचं दार," मी म्हणालो.

"बुजवा," फौजी म्हणाला. "जहाजात एक भोक म्हंजी एक भोक जास्तीच."

टाकीवाल्याला भोक दिसलं की त्याचा हात आपोआप रेझिनकडं जातो. मी बुजवलं, वरून घासलं, रंग दिला. कुणाला जागा ओळखू येणार नाही इतकं साफ. पुन्हा फेस लावला, एक बुडबुडा नाही. आम्ही दोघं त्या होडीकडं अशा नजरेनं बघत होतो की जसं काही ती आम्हीच शोधून काढली.

दुसऱ्या दिवशी ती पाण्यात घालायची, असं ठरलं. वैनी डब्याच्या तयारीला लागली. होडी रंग वाळायला अंगणात उन्हात ठेवलेली. दुपारी मी जेवून आडवा झालो तर अंगणातून टक्... टक् असा आवाज. वाटलं मांजर असेल. पुन्हा टक्. बाहेर येऊन बघतो तर डाव्या पोटाची वरची बाजू तव्यावरच्या भाकरीसारखी फुगलेली! हात लावावा म्हणून पुढं झालो तेवढ्यात फाट् करून सांधा उसवला, चांगला हातभर. आतून गरम हवा माझ्या तोंडावर आली. मी पळत जाऊन उजव्या पोटाचं बूच उघडलं, म्हणून ते तरी वाचलं.

आणि नेमकी त्याच वेळी फौजी आणि वैनी फाटकातून आत आली. वैनीच्या हातात नारळ, हळदी-कुंकू. होडीला निघायच्या आधी ओवाळावं म्हणून आली होती. ती उसवलेल्या सांध्यापाशी गेली, वाकून बघितलं, आत बोटं घालून बघितली.

"ही पाण्यात जायच्या आधीच फुटली का, भाऊ?"

फौजी सांध्याच्या दोन्ही कडा हातानं दाबून बघत राहिला. वैनीनं नारळ पिशवीत ठेवला. "धरणाच्या मधी फुटली असती म्हंजी?" एवढंच म्हणाली आणि जाऊन रिक्षात बसली.

मी हैदराबादला फोन लावला. विकणारा म्हातारा मोठा गमत्या. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वो छोटा सुराख था ना जी, आगे? वो कायकू बंद करे?" मी म्हणालो, गळत होतं. तो एवढा हसला की त्याला खोकला लागला. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. बंद पोटातली हवा उन्हानं फुगते, तिला बाहेर पडायला वाट लागते. थंड पाण्यात गेली की हवा आकसते, तेव्हा त्याच वाटेनं आत येते. एवढ्याशा भोकातून पाणी शिरलं तर वाटीभर शिरतं; संध्याकाळी बूच काढून ओतून टाकायचं. "मियाँ, उस कू सांस लेने दो," म्हातारा म्हणाला. मी टाकीवाला, फौजी लोखंडी जहाजावरचा; उन्हात फुगणाऱ्या बंद पोटाशी दोघांचाही कधी संबंध आला नव्हता. एकमेकांना हाव म्हणत आम्ही तिचा गळा दाबला. फौजीला हे सांगितलं तर त्यानं कपाळाला हात लावला आणि मग तोही हसायला लागला. पण ते काही खरं हसणं नव्हतं.

"आता ती होडीत बसत न्हाई, मिस्त्री. खल्लास."

मला लई वाईट वाटलं. धंद्यात माल परत आला की राग येतो, तसं नव्हतं हे. एक माणूस सकाळी कुठं जाणार हा सवाल माझ्या हातात होता आणि मी तो रेझिननं बुजवून टाकला होता. मी संध्याकाळी वैनीकडं गेलो. तिच्यासमोर बसून वहीच्या पानावर पोटाचं चित्र काढलं, भोक कुठं, हवा कशी फुगते, सगळं सांगितलं. म्हणालो, होडीत खोट नव्हती, आम्हा दोघांत होती. वैनीनं चित्र बघितलं. मग विचारलं, "ह्यांनी बी बुजवा म्हनलं?"

"हाव."

"जहाजावर आक्खी उमर काढली आन् एवढं कळंना?" ती हसली नाही, पण पदरानं तोंड पुसलं. "नीट करा. मी एकदाच बसणार. अट तीच हाय."

सांधा पुन्हा बसवणं पहिल्या कामाहून अवघड गेलं. दोन्ही कडा घासून काढल्या, मधे लेप भरला आणि दाबून धरायला शिकंजे कमी पडले म्हणून सुतळ्या गुंडाळून लाकडी खुंट्यांनी पिळल्या. वाळल्यावर आतून-बाहेरून पट्टी. मग मी बारीक ड्रिल घेऊन पूर्वीच्याच जागी दोन्ही पोटांना स्वतःच्या हातानं भोक पाडलं. चांगल्या टाकीला भोक पाडायची माझ्यावर पहिलीच वेळ. त्यानंतर कित्येक दुपारी ती उन्हात ठेवली. मी खुर्ची टाकून समोर बसायचो, कान देऊन. काही आवाज नाही.

धरणाचं पाणी उन्हाळ्यानं बरंच मागं गेलं होतं. काठाला भेगाळलेला काळा चिखल, आणि पलीकडं पाण्यात बुडालेल्या जुन्या बाभळींचे बुंधे डोकं काढून उभे. गंगाराम आणि त्याच्या भावानं होडी चिखलावरून ओढायला हात लावला. वैनीनं नारळ आणलाच होता, पण आसपास फोडायला दगड मिळेना. गंगारामचा भाऊ नारळ घेऊन होडीच्या नाकाकडं निघाला, तेव्हा मी जन्मात ओरडलो नसेन एवढ्या जोरानं ओरडलो. शेवटी नारळ गाडीच्या जॅकवर फोडला.

वैनीनं चपला काढल्या, साडी वर खोचली, साडीवरच नारिंगी जॅकेट घातलं. पाण्याला हात जोडले आणि जाळीवर चढून बसली. "ही तर बाजच की," म्हणाली. फौजीनं शीड ताणलं. होडी काठ सोडून सरळ सुटली ती अशी की गंगाराम तराफा वल्हवत मागं निघाला होता तो मधेच थांबला. दोन्ही पोटं पाणी कापत होती आणि कुठंच कलंडत नव्हती. मी चिखलात उभा राहून फक्त डाव्या सांध्याकडं बघत होतो.

खरं संकट वळताना आलं. एका पोटाची होडी मनात आलं की वळते. ही दोन पोटांची, हिला वळायला सावकाश वळसा लागतो. घाई केली की नाक नेमकं वाऱ्याच्या तोंडावर येतं आणि तिथंच अडकतं. फौजीच्या हाताला जुनी सवय. त्यानं एकदम सुकाणू दाबलं. होडी वाऱ्याला तोंड देऊन थांबली, शीड नुसतं फडफडायला लागलं, आणि ती मागं मागं सरकू लागली, बाभळीच्या बुंध्यांकडं. एक बुंधा पोटात घुसला असता तर माझे तीन थर काय कामाचे? अशा वेळी कुणीतरी पुढं सरकून शिडाची आडवी दांडी वाऱ्याविरुद्ध ढकलून धरावी लागते, म्हणजे नाक फिरतं. फौजी सुकाणू सोडू शकत नव्हता, आणि सोडलं असतं तरी त्या जाळीवरून गुडघ्यावर रांगायला गुडघा कुठं होता? तो काहीतरी ओरडत होता, हातानं दाखवत होता. काठावर आम्हाला ऐकू येत नव्हतं. गंगाराम जीव खाऊन वल्हवत होता, पण लांब होता.

तेव्हा ते नारिंगी जॅकेट हललं. वैनी दोन्ही हात-पाय टेकून जाळीवरून पुढं सरकली. एकदा घसरली. पुन्हा सरकली. दांडीला दोन्ही हात लावले आणि शेतात अडकलेली बैलगाडी ढकलावी तशी अंग टाकून ढकलली. शीड एकदम भरलं. होडीचं नाक हळूहळू, हळूहळू फिरलं आणि ती बुंध्यांपासून सुटून उघड्या पाण्याकडं निघाली.

ती काठाला लागली तेव्हा वैनी आधी उतरली. गुडघ्यापर्यंत चिखल, कोपर खरचटलेलं. फौजी शिडाची दोरी हातात धरून तसाच उभा.

"बोल," तो म्हणाला. "भ्या वाटलं का?"

"वाटलं," वैनी म्हणाली. "लई वाटलं."

अट म्हणजे अट. फौजीनं खाली मान घालून शिडाची गाठ सोडायला घेतली. मी दुसरीकडं बघायला लागलो.

"ऱ्हाऊ द्या ती गाठ," वैनी म्हणाली. "ही एकट्याच्या कामाची होडी न्हाई. तुमचा गुडघा त्या अंगाला वळत न्हाई. आता एकट्यानं जायचं न्हाई, बस."

"आगं, मला एकट्याला जमती. आज जरा सवय नव्हती म्हणून..."

"आक्खी उमर एकट्यानंच गेलात." आवाज चढलेला नव्हता. "मी देवणीत म्हातारे बघितले, लेकरं बघितली, ढोरं बघितली. मी कधी म्हनले का, मला बी संगं न्या म्हणून? आज म्हनून राहिले."

गंगाराम उगीच आपलं जाळं झटकायला लागला. फौजीनं बाहीनं डोळे पुसले, सैल केलेली गाठ पुन्हा आवळली आणि तिला चढता यावं म्हणून पाण्यात उभा राहून होडी दोन्ही हातांनी स्थिर धरली.

"मग उजव्या अंगानं बस," तो म्हणाला. "वारा तिकडून हाय."